उपासाच्या दिवशीचा थेंब

माझ्या जाऊबाईंच्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळ औषधाचा थेंब मीच टाकते. थेंब टाकताना माझा हात हलत नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, चार माणसांत तोंड उघडायची मला लाज वाटते. पण हे काम मला चांगलं येतं.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी आम्ही दोघी पंडरीच्या कापडबाजारातल्या एका दुकानाच्या साड्यांना फॉल-पिको करतो. मशीन जाऊबाईंकडे, हातशिलाई माझ्याकडे. दुकानदाराशी बोलायचं कामही त्यांचंच. त्यानं एकदा विचारलं, "ये गूंगी है क्या, दीदी?" तर त्या म्हणाल्या, "भैया, बोलने का काम मेरा है. तुम टांका देखो."

रायपूर राजधानी झालं, नव्या कचेऱ्या आल्या, साड्या वाढल्या. त्याच सुमारास जाऊबाईंचा हात लागून डावीकडे ठेवलेला चहा सांडू लागला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून मागची नस खराब होते आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी राखायची.

तो थेंब डोळ्यातून घशात उतरतो आणि कडू लागतो. म्हणून उपासाच्या दिवशी जाऊबाई तो घेईनात.

"औषध पोटात गेलं म्हणजे उपास मोडला. अन् मले कुठं काही दुखून राहिलं?"

श्रावणात तर त्यांचे सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. मोठ्या जावेला मी काय सांगणार? बाटली परत फळीवर ठेवत असे.

त्यांची मुलगी एका प्रयोगशाळेत काम करते. आमची मराठी तिला समजते, उत्तर मात्र हिंदीत येतं. एकदा भाजी निवडताना मी तिला विचारलं, "दुखत तर नाही. मग आत होते तरी काय?"

तिनं हातातली भाजी खाली ठेवली आणि नीट सांगितलं. प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे पेशीनं काय काय करायचं याच्या सूचना. त्या सगळ्या एका वेळी चालू नसतात. डोळ्यातला दाब वाढला की नसेच्या पेशींत कोणत्या चालू आणि कोणत्या बंद, हे बदलतं. रोजच्या कामाच्या काही मंदावतात, संकटातून वाचायच्या जाग्या होतात. दाब तसाच राहिला, तर मरायच्याही. नसेला सांभाळणाऱ्या आजूबाजूच्या पेशीसुद्धा बदलतात. आणि हे सारं माणसाला कमी दिसू लागण्याच्या आधीच सुरू होतं.

"म्हणजे घरात पाणी शिरल्यावानी," मी म्हटलं. "मग कोणी पापड लाटत बसत नाही. धान्याचे डबे माळ्यावर चढवते."

"बस, वही, काकू!"

"अन् पाणी लवकर उतरलं तर?"

"तो जो सेल ज़िंदा है, वो संभल सकता है. जो मर गया, वो नहीं."

त्यानंतर भाजीत माझं लक्ष लागलं नाही. जाऊबाईंच्या डोळ्यात अजून कोणीतरी डबे चढवत होतं, आणि आम्ही दर उपासाला पाणी वाढवत होतो.

श्रावण संपताना तपासणी झाली. दाब चांगलाच चढला होता.

"दवा रोज डालते हैं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हव, रोज," जाऊबाई ठसक्यात म्हणाल्या.

"फिर तो ऑपरेशन का सोचना पड़ेगा."

"नाही," मी म्हटलं. माझे कान तापले होते, पण आवाज फुटला. "उपासाच्या दिवशी नाही टाकत. घशात उतरते म्हणून."

जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की एक डोळा अधू आहे हे कोणाला खरं वाटलं नसतं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. इथून नाकात एक बारीक वाट जाते. थेंब टाकला की डोळा मिटायचा आणि हा कोपरा दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. घशात फारसं उतरत नाही, औषधही डोळ्यातच राहतं. ऑपरेशनचं पुढच्या तपासणीला बघू म्हणाले.

रिक्षात बसल्याबरोबर जाऊबाई सुरू झाल्या. "घरात तोंडातून शब्द निघत नाही, अन् डॉक्टरापुढं माझी पोल खोलली! काहून वं?"

मी त्यांना पाण्याचं आणि डब्यांचं सांगितलं. मग म्हटलं, "अन् तुमचा डोळा गेला तर दुकानदाराशी कोण बोलन?"

"तूच बोल आता. आलं नं बोलता!"

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या छत्तीसगढी बाईनं कारल्याची भाजी आणि भात आणून दिला. इकडे हरतालिकेला तीजा म्हणतात; तिच्या निर्जळी उपासाआधी हा करू भात, म्हणजे कडू भात, खातातच. जाऊबाईंनी तो मिटक्या मारत खाल्ला.

सकाळी मी बाटली घेऊन गेले. "कडू लागलं तर याद राख," त्या म्हणाल्या आणि मान वर केली. मी थेंब टाकला, कोपरा दाबून धरला. त्या ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. मी बोट काढलं. त्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली, पुन्हा पाहिली.

"कडू कालच खाल्लं," शेवटी म्हणाल्या. "आज काही नाही."

पुढच्या तपासणीत दाब उतरला होता. ऑपरेशनचं नाव निघालं नाही. डावीकडची नजर गेली ती गेलीच. चहा मी उजवीकडे ठेवते. मशीन चालू आहे. आणि आता उपासाच्या दिवशी मला जरा उशीर झाला, की आतून जाऊबाईंची हाक येते, "अवं, पाणी चढून राहिलं!"