फुटलेलं इंजिन

व्हर्लिन रॅथबोन आठवडाभर लोकांच्या संडासाच्या टाक्या उपसायचा आणि त्याला किळस यायची ती फक्त शनिवारी. सोमवार ते शुक्रवार तो आपला टँकर घेऊन डोंगरातल्या घराघरांत जायचा, जाड पाइप टाकीत सोडायचा आणि मोटर चालू करून शेजारीच उभ्या उभ्या उकडलेल्या शेंगा खायचा. शनिवारी चेस्टनट फ्लॅटच्या ट्रॅकवर शर्यती बघून आला, की मात्र ताट पुढे ढकलायचा.

"मैल्याच्या वासाने तुझी भूक मरत नाही," त्याची बायको मॉझेल म्हणायची, "आणि गाड्यांच्या वासाने मरते होय रे?"

"मैला खोटं बोलत नाही," व्हर्लिन म्हणायचा. "जे असतं तेच दिसतं."

त्याचं म्हणणं समजायचं तर मागे जायला हवं. नॉर्थ कॅरोलिनाच्या त्या डोंगरात साध्या गाड्यांच्या शर्यतींची मालिका सुरू झाली १९७४ साली. तेव्हा ट्रॅक तीन होते, आणि तिन्ही एवढेसे, की प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसाच्या बीन्सच्या वाटीत टायरची काजळी पडावी. पळणारे सगळे करवतीवरचे कामगार, दूधवाले, तंबाखूवाले. भंगारातून आणलेली गाडी, दारं वेल्डिंगने बंद, खिडकीतून आत शिरायचं. पहिल्याच वर्षी शहरातला एक गाड्यांचा व्यापारी भारी इंजिन घेऊन आला आणि सगळ्यांना धूळ चारून गेला. मग चार जण पेट्रोल पंपावर बसले आणि त्यांनी मागणीचा नियम केला. त्या चौघांत व्हर्लिन सर्वांत लहान होता, आणि आता जिवंत असलेला तो एकटाच.

नियम सरळ होता. जो शेवटपर्यंत पळाला आणि ज्याला जिंकणाऱ्याने अख्ख्या फेरीने मागे टाकलं नाही, त्याला जिंकलेल्या गाडीचं इंजिन मागता येईल. ठरलेली रक्कम बॉनेटवर ठेवायची आणि म्हणायचं, "मागतो." जिंकणाऱ्याने इंजिन द्यायचं. नाही म्हटलं, तर विजय गेला आणि वर्षभराचे गुणही गेले. रक्कमही अशी ठरवली, की साधं इंजिन त्यात बसावं आणि भारी इंजिनवाल्याने रडावं. एवढ्या एका नियमावर गरिबांची मालिका तगली. आत सोनं भरलंस तर भर बाबा, पण उद्या ते शेजाऱ्याच्या गाडीत असेल.

आणि लोक मागायचे, हसत मागायचे. बॉइड मेहाफी नावाच्या दूधवाल्याने एकदा व्हर्लिनचं इंजिन मागितलं. दुसऱ्या दिवशी चर्चहून परस्पर न्यायला आला, तर मॉझेलने त्याला आधी जेवू घातलं, ॲपल पाय वाढला आणि वर नवऱ्याला म्हणाली, "अरे, त्याला दोर धरू लाग की. पाहुणा एकटा ओढतोय." पुढच्या महिन्यात व्हर्लिनने बॉइडचं मागितलं. ॲपल पायचा तुकडा तिथेही मिळाला.

मग एक ट्रॅक बंद पडला, तिथे आता गवत कापतात. दुसऱ्यावर लोकांचं जुनं सामान भाड्याने ठेवायच्या पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. उरला चेस्टनट फ्लॅट, तो ड्वेन पेनलँडने घेतला. ड्वेनचा मुलगा ट्रे पळू लागला आणि जिंकू लागला. तपासणीला ड्वेनचा मेहुणा. म्हणजे उंदराला मांजर साक्ष. आणि हळूहळू एक चमत्कारिक सभ्यता पसरली. इंजिन मागणं वाईट दिसतं म्हणे. जेवायला बोलावलं आणि पाहुण्याने ताटच उचलून नेलं, असं आहे म्हणे ते. ज्याने मागितलं, त्याच्या गाडीला मग पिटमध्ये, गाड्या नीट करतात तिथे, जॅक कुणी देईना. एक-दोघांनी मागून बघितलं, पुढच्या वर्षी ते शनिवारी नदीवर मासे धरताना दिसले. तेव्हापासून सगळेच सभ्य झाले. ट्रे सरळ रस्त्यावर सगळ्यांना उभं असल्यासारखं मागे टाकायचा आणि बाकीचे पायऱ्यांमागे जाऊन थुंकायचे. थुंकून झालं, की पुढे येऊन टाळ्या वाजवायचे. व्हर्लिनला घाण वाटायची ती या टाळ्यांची.

त्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या शर्यतीआधी ड्वेनने जाहीर केलं, की पुढच्या वर्षी मालिकेचं पन्नासावं वर्ष, मोठा सोहळा करू, आणि हो, तो जुना मागणीचा नियम आता काढून टाकतोय. "तसाही कोण मागतो?" तो म्हणाला, आणि मंडळी हसली.

व्हर्लिन घरी आला तो थेट परसात गेला. त्याची जुनी एकसष्ट नंबरची गाडी तिथे वर्षानुवर्षं पडून होती. आत मॉझेलच्या कोंबड्या अंडी घालायच्या.

"काय करतोयस?" मॉझेल दारातून ओरडली.

"कोंबड्या काढतोय."

"का?"

"आणखी एकच शर्यत आहे जिच्यात मागता येतं. मागायचं तर आधी पळावं लागतं."

"सत्तरी उलटली तुझी. खिडकीतून आत शिरशील, बाहेर कोण काढणार?"

"तू ये. पाय धरून ओढ."

 मॉझेल आपल्या जुन्या कोटाच्या बाहीला हात पुसून पुढे आली. "सर बाजूला," ती म्हणाली. "त्या तांबड्या कोंबडीला तू हात लावलास तर चोचीने डोळा काढील."

ड्वेनला तर आनंदच झाला. जुना वाघ पुन्हा मैदानात, असं त्याने कर्ण्यावरून चारचारदा सांगितलं. त्याला वाटलं, म्हातारा हौस भागवून घेतोय. तिकिटं खपली. व्हर्लिन सगळ्यांच्या मागे गाडी लावून हेल्मेटच्या आत दातांनी ओठ धरून बसला. त्याला जिंकायचं नव्हतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की ट्रेने येऊन त्याला अख्ख्या फेरीने मागे टाकू नये. तेवढं साधलं तर त्या इंजिनाचं पोट सगळ्यांसमोर फाडता येणार होतं. नाही साधलं, तर नियम मरणार आणि मालिका कायमची पेनलँडांची.

हिरवा झेंडा पडला आणि व्हर्लिनच्या लक्षात आलं, की गाडीतून अजून कोंबडीची पिसं उडतायत. त्याने आतली कड धरली. टायर जपले, ब्रेक जपले, पुढच्याच्या नादी लागला नाही. पण इंजिन ते इंजिन. निम्मी शर्यत झाली तेव्हा आरशात ट्रेची पांढरी गाडी अर्धा ट्रॅक मागे होती. आणखी काही फेऱ्या, आणि ती वळणाच्या अलीकडे. मग थेट पाठीशी. झेंडेवाल्याने निळा झेंडा दाखवला, म्हणजे म्हाताऱ्या, बाजूला हो. नियम म्हणजे नियम. व्हर्लिनने शिवी घातली आणि स्टिअरिंग बाहेरच्या बाजूला वळवायला घेतलं.

तेवढ्यात चौथ्या वळणावर हॅटी मेसरची गाडी गर्रकन फिरली आणि ट्रॅकच्या मधोमध आडवी उभी राहिली. हॅटी शाळेची बस चालवायची आणि शनिवारी शर्यत पळायची. तिला कधी कुणी असं फिरताना पाहिलं नव्हतं. पिवळा झेंडा पडला. आता कुणी कुणाला ओलांडायचं नाही. सगळ्या गाड्या ट्रेच्या मागे पुन्हा रांगेत लागल्या, आणि चक्कर मारून रांगेच्या शेवटी, ट्रेच्याच फेरीत, एकसष्ट नंबर. मग उरल्याच किती फेऱ्या? ट्रे जिंकला. व्हर्लिन सगळ्यांत शेवटी, पण त्याच्याच फेरीत संपला.

त्याने गाडी नेली ती थेट विजेत्याच्या जागी, ट्रेच्या गाडीला खेटून लावली. दोघांनी काखेत हात घालून त्याला खिडकीतून बाहेर ओढलं. मॉझेल कुंपणाशी उभी होती. तिने पाकीट दिलं. व्हर्लिनने नोटा पांढऱ्या बॉनेटवर ठेवल्या.

"मागतो," तो म्हणाला.

 ट्रेच्या हातात चषक होता. तो आधी हसला. "काका, मस्करी पुरे. फोटो काढायचाय."

"फोटो काढ. मग इंजिन काढ."

ट्रेने बापाकडे पाहिलं. ड्वेनचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याने मान हलवली. ट्रेने चषक खाली ठेवला, खिडकीतून पुन्हा गाडीत शिरला आणि इंजिन चालू केलं. गिअर न टाकता त्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि तसाच ठेवला. इंजिन किंचाळलं. डुकराला सुरी लागल्यावर किंचाळतं तसं, लांबलचक. बायकांनी कान झाकले. मग आत काहीतरी तुटलं, लोखंडाच्या भिंतीतून रॉड बाहेर आला आणि काळं तेल व्हर्लिनच्या बुटांवर सांडलं.

ट्रे बाहेर आला, हात झटकले. "घ्या काका. तुमचंच आहे."

"नियमात इंजिन द्या असं लिहिलंय," ड्वेन कर्ण्यावरून म्हणाला. "चालू इंजिन द्या, असं कुठे लिहिलंय? आमचं द्यायचं आम्ही दिलं. विजय कायम."

खरंच लिहिलं नव्हतं. पेट्रोल पंपावर बसलेल्या चौघांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं, की हरामखोरी एवढ्या थराला जाईल. बॉइड मेहाफीने आपलं इंजिन देताना वर तेलाचा डबाही दिला होता.

व्हर्लिनने ते मढं साखळीने ओढून काढलं, बाहेर गाड्या लावतात त्या मोकळ्या जागेत मॉझेलच्या पिकअपच्या फळीवर ठेवलं आणि पाना घेऊन तिथेच उघडलं. लोक जमले. एक बाजू फुटली होती, दुसरी शाबूत होती. आतले रॉड पिसासारखे हलके, मोठ्या पैशांच्या शर्यतीत घालतात तसे. पिस्टन नियमाबाहेर मोठे. त्या एका इंजिनाच्या पोटातल्या मालाच्या किमतीत पिटमधल्या निम्म्या गाड्या विकत आल्या असत्या.

त्याने एक पिस्टन वर धरला. "बघा," तो म्हणाला. "बघा रे."

लोकांनी बघितलं. एकाच्या हातात तळलेल्या बोलोना सॉसेजचा पाव होता. त्याने घास गिळला, बोट चाटलं आणि म्हणाला, "हो ना. ते तर सगळ्यांनाच माहीत होतं."

"सगळ्यांनाच," दुसरा म्हणाला. "तुम्ही उगाच गाडी खराब केलीत, काका."

आणि मंडळी पांगली. ट्रेचा फोटो अजून व्हायचा होता, आणि गर्दीत उभं राहायला सगळ्यांनाच हवं होतं. टाळ्या ऐकू आल्या. व्हर्लिन पिस्टन हातात धरून उभा राहिला. इतक्या वर्षांत टाकीत पडलेली मेलेली मांजरं त्याने काढली होती, पण अशी घाण हाताला कधी लागली नव्हती.

हॅटी मेसर तेवढी थांबली. तिची गाडी शेजारीच ट्रेलरवर होती. व्हर्लिनने तिचे चारही टायर बघितले.

"टायर फुटला म्हणालीस झेंडेवाल्याला," तो म्हणाला. "सगळे शाबूत आहेत."

"असतील."

"मुद्दाम फिरलीस. ही पण लबाडीच झाली, हॅटी. मला नको होती असली मदत."

"मग काय करायला हवं होतं? इतरांसारखं पायऱ्यांमागे जाऊन थुंकायचं?" हॅटी म्हणाली. "आणि काका, पाइप हातात धरला की हात घाण होणारच. हे तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

 व्हर्लिनला तिची किळस यावी असं वाटत होतं, पण येत नव्हती, आणि त्यामुळे तो आणखीच चिडला. घरी जाऊन त्याने ताट ढकललं नाही, ताटावर बसलाच नाही.

वसंतात पन्नासाव्या वर्षाचा सोहळा आला. फाटकावर फुगे, आत जुन्या गाड्यांच्या फोटोंचा मोठा फलक. त्यात बॉइड होता, व्हर्लिनही होता. मागणीचा नियम कुठेच नव्हता. आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांतून माणसं लोटली होती.

चेस्टनट फ्लॅटच्या संडासांची टाकी इतकी वर्षं व्हर्लिनच उपसायचा. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. हंगामाआधी टँकर यायचा आणि टाकी रिकामी व्हायची, त्यामुळे अशी काही टाकी आहे हे ड्वेनच्या गावीही नव्हतं. त्या वर्षी टँकर आला नव्हता.

दुपार उतरायला आली तेव्हा फोन वाजला. मॉझेलने उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला. ड्वेन होता. मागे कर्णा, गाड्या आणि माणसांची ओरड.

"व्हर्लिनकाका, अहो, टाकी तुंबलीय! वर आलंय सगळं, पायऱ्यांपर्यंत आलंय! लोक नाक धरून बसलेत, बायकामुलं उभी आहेत तिथे, लवकर या, काय म्हणाल ते देतो!"

व्हर्लिन व्हरांड्यात बसला होता. पायाशी ते फुटलेलं इंजिन होतं आणि त्याच्या फुटक्या पोटात तांबडी कोंबडी अंड्यावर बसली होती. त्याने शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला.

"हो ना," तो म्हणाला. "ते तर सगळ्यांनाच माहीत होतं."