बांधावरून मोजलेला रस्ता

१५ जानेवारी २०२६ रोजी नाशिक महापालिकेसाठी मतदान झाले; त्याआधीचे मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झाले होते. मधल्या काळात शहराच्या कडेच्या मळ्यांना कॉलन्या येऊन भिडल्या. अशाच एका मळ्यात शेवंती आणि मेथी पिकवणाऱ्या बावन्न वर्षांच्या चिमणाबाई टर्ले या निवडणुकीत अपक्ष उभ्या होत्या.

त्यांच्या पत्रकात दोनच मुद्दे होते. नाल्याच्या जागेवरील अतिक्रमणे, कोणाचीही असोत, हटवावीत. आणि शहराच्या विकास आराखड्यात मळ्याच्या हद्दीला लागून, नाल्याच्या बाजूने दाखवलेला शेजारच्या कॉलनीचा बारा मीटर रुंद रस्ता तातडीने करावा. खाली ठळक ओळ होती : ‘यात एकाही विहिरीला धक्का लागत नाही. मी स्वतः मोजले आहे.’

त्यांनी खरोखरच मोजले होते. बैलाच्या कासऱ्याने, आणि तो दोर आधी टेपवर तपासून.

१० जानेवारीला, शनिवारी दुपारी, त्यांचे धाकटे दीर कोंडाजी पत्रक घेऊन मळ्यात आले.

“वहिनी, मोजलं कुठून?”

“बांधावरून. अजून कुठून?”

“झालं मग कल्याण!”

कोंडाजींनी शेवंतीच्या सरीत खुरप्याने माती उकरली. बांधापासून अकरा पावले आत हद्दीचा दगड निघाला. दोन्ही घरांची सामाईक विहीर दगड आणि बांध यांच्या मध्ये होती. म्हणजे नाल्याच्या सरकारी जागेत, आणि रस्त्याच्या आखणीतही. दर नांगरटीला एखाद्या सरीएवढा पुढे सरकत बांध तिथवर पोचला होता. बाहेरच्या माणसाने मोजण्यापूर्वी नकाशा मागितला असता. मळ्यात जन्म गेलेल्या बाईला बांध हीच हद्द वाटली.

“तुम्हाला ठाऊक होतं, भावजी?”

“लय वर्षांपासून. पाच दिवस तोंड बंद ठेवा, एवढंच. विहीर गेली तर फुलं काय नळाच्या पाण्यावर काढता?”

चिमणाबाईंनी माती पुन्हा लोटली. कोंडाजींना वाटले, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलनीच्या मोकळ्या भूखंडावर सभा झाली. तिचे तेवीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण मी ऐकले आहे. नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले भारतभाऊ सभा चालवत होते. दुसऱ्या रांगेत कोंडाजी बसले होते.

“ताई, भाषण नको,” भारतभाऊ म्हणाले. “रस्ता होणार का? आणि अतिक्रमण म्हणजे फक्त टपरीवाल्यांचं काढणार का?”

“बागाईतदारांना कोण हात लावतंय!” मागून कोणीतरी ओरडले. हशा पिकला.



“माझं मोजमाप चुकलं,” चिमणाबाई म्हणाल्या. “मी बांधावरून मोजलं. दगड आत हाय. आमची विहीर नाल्याच्या जागेत बसती. आन् बांध आमच्याच घरानं सरकवलाय.”

“वहिनी, खाली बसा!” हा कोंडाजींचा आवाज.

“भावजी, ‘कोणाचीही असोत’ हे मीच छापलंय ना?”

“मग रस्ता?” भारतभाऊंनी विचारले.

“रस्ता पाहिजेच. ॲम्ब्युलन्स तुमच्या दारात येत नाय. विहीर जाईल.”

“मतांसाठी विहीर देता होय, ताई?”

“मत द्या, नाय तर नका देऊ. उद्या येऊन दगड बघून जा.”

यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. कोंडाजी उठून गेले. सोमवारी सकाळी चिमणाबाईंनी दगडाभोवतीची ऐन फुललेली शेवंती उपटली आणि दगडाला चुना फासला. त्या दिवसापासून कोंडाजींचा टेम्पो त्यांची फुले बाजारात नेत नाही. त्या रिक्षा करून जातात. विहिरीवरच्या पाण्याच्या पाळ्या मात्र दोन्ही घरांत पूर्वीसारख्याच चालू आहेत, न बोलता.

चिमणाबाई निवडून आल्या नाहीत. कॉलनीच्या केंद्रावर त्यांना इतर केंद्रांपेक्षा अधिक मते पडली, पण ती सभेमुळे पडली की सभेआधीच ठरलेली होती, हे आकड्यांवरून सांगता येत नाही.

बांध कोणी सरकवला, हेही अनिर्णित आहे. कोंडाजी थोरल्या भावाचे, म्हणजे चिमणाबाईंचे दिवंगत पती खंडेराव यांचे नाव घेतात, चिमणाबाई सासऱ्यांचे. मी पाहिलेल्या जुन्या मोजणीच्या नकाशात दगड आहे, बांध नाही. रस्त्याचे काम सुरू झालेले नाही. ते कधी होईल आणि विहीर कधी बुजेल, हे आज ठाऊक नाही.