ध्रुवाकडून निघालेली लाट, केदारखेड्यापासून आष्टीपर्यंत

सोमवारी इशारा आला: बुधवारी सूर्याचं वादळ पृथ्वीवर धडकणार. मंगळवारी सकाळी सहाला अण्णांनी गाडी काढली. अण्णा माझे वडील, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मी वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करते.

असं वादळ आलं की ध्रुवाजवळचं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर, तापतं. तिथली हवा उसळते, स्वतःच्या वजनानं खाली येते, परत उसळते. ही लाट विषुववृत्ताकडे धावते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण उपग्रहांचे संदेश पकडणारी यंत्रं लांबलांबच्या तीन गावांत ठेवली तर लाट कुठं आधी पोचली ते कळतं.

पहिलं गाव उत्तरेचं, केदारखेडा. जालन्याहून भोकरदनच्या रस्त्यानं सकाळी लवकर निघा, ऊन लागत नाही. ओळखीच्या शकीलाबींच्या गच्चीवर यंत्र बसवलं.

"यानं पाऊस कळतो का?"

"न्हाई. उत्तर ध्रुवाकडून हवेची लाट येती, ती कळती."

"इतक्या लांबून? येऊ द्या. मी बराबर लक्ष ठेवते."

त्यांनी भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मी उभ्यानंच खाल्ली. दर पाच मिनिटांनी मोबाईल बघत होते.

मागं फिरून अंबडमार्गे तीर्थपुरीला निघालो. वाटेत अण्णांनी विचारलं, "त्या ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या रडारवाल्यांनी नोकरीला बोलावलं होतं तुला. व्हिसा खरंच आल्ता न्हाई का?"

व्हिसा आला नाही, असंच दोन वर्षं मी घरी सांगत होते.

"मीच नको म्हणून कळवलं. तुमच्या हृदयाच्या बायपासला महिनाच झाल्ता."

त्यांनी गाडी कडेला घेतली.

"इचारायचं होतं मला. मी काय थांब म्हणलो असतो?"

तीर्थपुरीला बाजाराचा दिवस होता, गाडी लांब लावावी लागली. तिथलं यंत्र बसवून आष्टीला पोचलो. अण्णा शिडी धरून उभे होते. संध्याकाळी परतलो. दिवसभराचा खर्च तेवढा डिझेलचा.

बुधवारी दुपारी घरात लॅपटॉपसमोरून उठवेना. तीन वाजता केदारखेड्याच्या यंत्राच्या रेषेवर हलका उंचवटा आला. थोड्या वेळानं तीर्थपुरीच्या, मग आष्टीच्या. सगळं दोन-तीन मिनिटांत.

अण्णांनी चष्मा लावला. "हीच का ती?"

"हो."

"जिथनं निघाली तिथं असायला पाहिजे होतीस तू."

आकडे चांगले मिळाले आहेत, तरी मन कशात लागत नाही. माझी ती जागा केव्हाच भरली गेली. शुक्रवारी रडारवाल्यांना नवं पत्र लिहिलं, दुसरं काही काम निघेल का म्हणून. पाठवायच्या आधी अण्णांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी एक वाक्य काढायला लावलं, ज्यात मी त्यांच्या तब्येतीचं कारण दिलं होतं.

अजून उत्तर आलेलं नाही.