आईचं साडेचार मिनिटांचं बोलणं

दोतुन अबेओकुटा शहरातला शिंपी. वय सव्वीस, अंगात स्वतः शिवलेला झोकदार अंगरखा, डोक्यावर बारीक वेण्या, हातात चांगला फोन. आमच्या पोलिसांच्या हिशेबी एवढं असलं की माणूस ऑनलाइन ठग. पुरावा काय, मागाहून येतोच. वाटेत नाक्यावर फोन उघडून तपासतात, म्हणून इबादानची बस पकडण्याआधी इथली पोरं एक वेळ आंघोळ विसरतील, पण फोनमधलं सगळं पुसायला विसरत नाहीत. दोतुनही सगळं पुसायचा. गिऱ्हाइकांची मापं, मित्रांची थट्टा, मैत्रिणीचे रुसवेसुद्धा.

एक निरोप मात्र त्याने ठेवला होता, आईचा. इथल्या सगळ्या आयांसारखी तीही रोज सकाळी प्रार्थना बोलून पाठवायची, आणि हा मिनिटभर ऐकून ‘आमीन’ लिहून मोकळा व्हायचा. फेब्रुवारीत ती गेली. शेवटचा निरोप साडेचार मिनिटांचा होता, त्यातलं मिनिटभरच त्याने ऐकलेलं. पुढचं ऐकायचा त्याला आठ महिने धीर झाला नाही. ते ऐकलं नाही तोवर आईचं बोलणं अजून बाकी आहे, असं त्याला वाटायचं. फार आठवण आली की तो फोन उघडून नुसता बघत बसायचा.

गुरुवारी सकाळी नाक्यावर सार्जंट ओकोनने बस अडवली आणि नेमकं दोतुनलाच खाली उतरवलं.

"फोन एवढा रिकामा? काय लपवतोस रे?"

"ओगा, साहेब, रिकामा फोन गुन्हा कधीपासून झाला?"

"आणि हे काय? साडेचार मिनिटं? सांकेतिक भाषा दिसतेय."

"आई आहे माझी. तेवढं नका वाजवू, ओगा!" दोतुन पाया पडायला सरळ रस्त्यावर पालथा पडला.

"नको म्हणतोस? म्हणजे इथंच पाणी मुरतंय."

ओकोनने आवाज पूर्ण मोठा केला. "देवा, माझ्या दोतुनला अडवणाऱ्या पोलिसांचे डोळे फोड!" फोनमधून आई कडाडली.

"आमीन!" अख्खी बस ओरडली. आई प्रार्थना करते आणि ऐकणारा गप्प बसतो, असं आमच्याकडे घडत नाही. ओकोनच्या तोंडूनही आमीन निघून गेलं.

मग तो भडकला. "वर्दीला शाप देते? बोलाव तिला ठाण्यावर!"

"ती येणार असेल तर वर्षभर कोठडीत बसतो, ओगा. फेब्रुवारीत पुरलं तिला."

ओकोन वरमला. घाईघाईने फोन बंद करायला गेला, पण त्याच्या जाड बोटांना बटण सापडेना. आई बोलतच राहिली. वेळेवर जेव म्हणाली, दिव्यापाशी डोळे फोडून शिवू नकोस म्हणाली.

"बरं, झालं माझं सांगून," ती शेवटी म्हणाली. "आता तू बोल."

दोतुनला केवढं तरी बोलायचं होतं.