लेशेक गावेंदाचे मोठे शब्द

लेशेक गावेंदा पहिल्यांदा माझ्याकडे आला तो भांडायलाच. इथे इंग्लंडात, आमच्या पोलिश दुकानाच्या मागच्या खोलीत मी बसते. मजूर पुरवणाऱ्या एजन्सीवाल्यांनी ज्यांचा पगार कापला, घरमालकाने ज्यांचं सामान रस्त्यावर फेकलं, अशी आपली माणसं तिथे येतात. मी त्यांच्यासाठी फोन करते, पत्रं लिहिते, वेळ पडली तर दारावर जाऊन बसते. मला कोणी शिकवलं नाही. इंग्रजी मी भांडता भांडता शिकले, आणि ते तसंच येतं. कानाला गोड नाही, पण समोरच्याला झोंबतं.

लेशेक टोपी न काढता दारात उभा राहिला. "ग्राझिनाबाई, तुम्ही म्हणे सगळ्यांच्या वतीने बोलता."

"बोलते. तुझं काय आहे?"

"माझ्या वतीने बोलायचं नाही. मला बोलायला शिकवा."

पन्नाशी ओलांडलेला माणूस, हात कोबीच्या देठासारखे कडक. त्याला मी ओळखत होते. म्हणजे त्याच्या घरी काय घडलं ते आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याचा धाकटा भाऊ मिरेक पॅकिंग शेडमध्ये मेला होता. कोबीच्या भरलेल्या पेट्यांची चळत कलली आणि त्याच्यावर आली. शेड शेतांच्या मधोमध, रस्ता अरुंद. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याच्याजवळ त्या वेळी फक्त मुकादम होता, कीथ नावाचा तिथलाच एक इंग्रज.

पोलिसांनी लेशेकला बोलावलं तेव्हा सोबत एक दुभाषी मुलगी दिली होती. वॉर्सोची, शिकलेली, नखं रंगवलेली. लेशेक तिच्यापुढे भडाभडा बोलला. चळत कोणी लावली, मिरेक कसा होता, आई गावी कशी बसली आहे, सगळं. मुलीने मान हलवली आणि पोलिसाला इंग्रजीत एक वाक्य सांगितलं. एकच.

"माझं बाकीचं कुठे गेलं?" लेशेक मला विचारत होता. "मी एवढं बोललो, ते तिने कुठे टाकलं?"

यावर मी काय सांगणार? दुभाषे असेच असतात. समोरच्याला जेवढं हवं तेवढं काढतात, बाकीचं टाकून देतात.

पण लेशेकला हे साधं वाटणार नव्हतं, कारण गावी तो कोण होता ते समजून घ्यायला हवं. पोलंडात सानोक शहराच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गाव. तिथे कोणी मेलं की पाद्री आपली प्रार्थना उरकतो, आणि मग गावातला एक माणूस कबरीपाशी पुढे येऊन मेलेल्याच्या वतीने बोलतो. ज्यांना मी दुखावलं त्यांनी मला क्षमा करावी, असं जणू मेलेल्याच्याच तोंडून मागतो. आणि त्याआधी त्याची शेवटची घटका सांगतो. उशाशी कोण बसलं होतं, पाणी कोणी पाजलं, तो काय म्हणाला. ते ऐकल्याशिवाय लोक माती टाकत नाहीत. गावात ते काम लेशेकचं. तो इंग्लंडला आला तरी मोठं कोणी गेलं की बस पकडून जायचा.

मिरेकची शवपेटी गावी नेली तेव्हाही तोच उभा राहिला. क्षमा मागितली. शेवटची घटका मात्र सांगता आली नाही, कारण त्याला ती ठाऊकच नव्हती. माती पडली. घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "सगळ्या गावाची सांगितलीस. त्याची का नाही?"

त्या प्रश्नासाठी तो माझ्या दारात आला होता. मृत्यूच्या चौकशीचं कोर्ट बसणार होतं. तिथे कीथ साक्ष देणार होता आणि घरच्या माणसाला त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क होता. तो प्रश्न लेशेकला स्वतःच्या तोंडाने विचारायचा होता. मधे कोणी नको.

मी म्हटलं, ठीक आहे, बस. आणि मी त्याला माझं इंग्रजी शिकवायला घेतलं. रोजचं, बारक्या शब्दांचं. उठ, बस, दे, घे, आण, आणि त्यांच्यापुढे चिकटणारे आत, बाहेर, वर, खाली. इंग्रज माणूस सगळं आयुष्य एवढ्यावरच काढतो. 'घे'पुढे 'वर' लावला की एक अर्थ, 'बाहेर' लावला की दुसरा, 'खाली' लावला की तिसराच. लेशेकने थोडे दिवस सोसलं, मग वही मिटली.

"हे शब्द आहेत की माश्या? एक धरावा तर दुसरी नाकावर."

"याच माश्यांत राहायचंय तुला."

"राहायचं नाही. कोर्टात उभं राहायचंय. मुकादम मला याच शब्दांनी झाडू मारायला पाठवतो. कोर्टातही याच शब्दांनी बोलू?"

त्याने एक जाडजूड शब्दकोश आणला, आणि त्यातून त्याला जे घबाड सापडलं त्याने तो वेडाच झाला. लॅटिनमधून आलेले अवजड शब्द आमच्या भाषेतही आहेत. पाद्र्यांनी, वकिलांनी, सरकारने आणून ठेवलेले. आमच्याकडे त्यांच्या शेवटी 'त्स्या' येतं, इंग्रजीत 'शन'. शेपूट बदललं की शब्द आपला. सिच्युएशन, रिॲक्शन, कम्युनिकेशन, शेकड्याने शब्द फुकटात. ज्या शब्दांना इंग्रज पोरं शाळेत घाबरतात ते आम्हा पोलिश माणसांच्या घरचेच निघतात. आणि ज्या शब्दांनी त्यांची दोन वर्षांची पोरं बोलतात ते आम्हाला जन्मात येत नाहीत. मी हे पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय. वरच्या मजल्यावर शिडी लावून चढतात, पण जिन्याचं दार सापडत नाही.

लेशेक शेतातल्या यंत्रावर ब्रोकोली कापायचा तेव्हा मनगटावर चिकटपट्टी लावून त्यावर शब्द लिहून ठेवायचा. कापायचा आणि पुटपुटायचा. आमच्या भाषेत जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, तो तसाच इंग्रजीतही टाकायचा, त्यामुळे ओळखीचा शब्दही इंग्रजांना ओळखू यायचा नाही. शिवाय काही शब्द दोन्ही भाषांत दिसायला सारखे आणि मनाने वेगळे. कँटीनमधली मॉरीन कोणाच्या तरी निरोप समारंभात छान बोलली. लेशेक तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, बाई, तुमचं भाषण 'पथेटिक' होतं. आमच्याकडे त्याचा अर्थ भारदस्त. तिच्याकडे केविलवाणं. मॉरीनने त्याच्या ताटात त्या दिवसापासून बटाटे मोजून घातले.

मी हसले तर म्हणाला, "हसा. शब्द माझ्याकडे आहेत, तुमच्याकडे नुसत्या शिव्या आहेत."

मला राग आला. खोटं का सांगू, मला राग लवकर येतो. मी त्याला सांगितलं की तो कीथ काही लॅटिनमध्ये उत्तर देणार नाही, दुभाष्याला नाही म्हणू नकोस, शेजारी बसू दे, आणि एवढाच मान मोठा असेल तर माझ्याकडे पुन्हा येऊ नकोस. तो आला नाही. चौकशीच्या दिवशी मी मात्र गेले.

इथल्याच जुन्या सभागृहात कोर्ट भरलं होतं. लेशेकने कबरीवर बोलायचा काळा कोट घातला होता. चौकशी करणारी बाई चांगली होती. तिचं इंग्रजी धुऊन वाळवल्यासारखं स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. लेशेकला तिचं सगळं कळत होतं, आणि त्याची मान हळूहळू ताठ होत गेलेली मला मागून दिसत होती. कोर्टाने बोलावलेला दुभाषी कडेला बसला होता. बाईंनी विचारलं, हवा का? लेशेक म्हणाला, आवश्यकता नाही.

मग त्याने प्रश्न विचारला. कीथने कृपया त्याच्या बंधूची अंतिम परिस्थिती, त्याची शारीरिक अवस्था आणि त्याचं संभाषण यांचं वर्णन करावं. इंग्रजीत. एकही चूक नाही. जोर चुकीच्या जागी पडला तेवढाच. ज्यूरीतली माणसं त्याच्याकडे पाहत राहिली.

कीथला कळलं नाही. तो बाईंकडे बघू लागला. बाई म्हणाल्या, शेवटी त्याचं कसं होतं, ते यांना हवंय.

कीथ इथल्याच दलदलीच्या मुलखातला माणूस. शब्द चावतो, अर्धे गिळतो. तो टेबलाकडे बघत बोलायला लागला, आणि एकही मोठा शब्द त्यात नव्हता.

"थंडी वाजत होती त्याला. दात वाजत होते. मी माझं जाकीट काढून घातलं त्याच्यावर, डोकं मांडीवर घेतलं. बोलत होता. सारखा बोलत होता, तुमच्या भाषेत. थांबेचना. मला काय कळणार? मी आपला हो म्हणत राहिलो. हो गड्या, हो रे. विचारत असेल तरी हो, सांगत असेल तरी हो. ते बरोबर होतं का नव्हतं, कुणास ठाऊक."

मग त्याने बाहीने तोंड पुसलं.

लेशेक मान डोलावत होता. त्या डोलावण्यावरूनच मी ओळखलं की त्याला काही म्हणजे काही कळलेलं नाही. मी उठायला गेले, पण मला तिथे बोलायचा हक्क नव्हता. बाईंनाही शंका आली असावी. त्यांनी फार हळू विचारलं, उत्तर नीट समजलं का, दुभाष्याकडून पुन्हा ऐकायचं आहे का? सगळे त्याच्याकडे बघत होते. ज्यूरी, कीथ, तो रिकामा बसलेला दुभाषी.

"पूर्ण समाधान झालं," लेशेक म्हणाला. तेही मोठ्याच शब्दांत. आणि खाली बसला.

ज्यूरीने अपघात म्हटलं. त्यावर मी पुढे वेगळी भांडले, ती गोष्ट इथली नाही.

बाहेर बाजाराच्या चौकात एका बाकावर तो बसला होता. मी शेजारी बसले. खूप बोलायचं ठरवून आले होते, पण तोच आधी बोलला.

"जाकीट एवढं कळलं," तो म्हणाला. "जाकिटाचं काय?"

मी सांगितलं. जसं ऐकलं तसं, आपल्या भाषेत, एक शब्द न गाळता. थंडीचं, मांडीचं, हो म्हणण्याचं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे तो बोलला."

"बोलला."

"आणि ऐकणारा हो म्हणत होता."

मग तो म्हणाला, "मीही आत्ता तेच केलं, नाही का?" आणि कोटाची बटणं काढायला लागला. उकडत नव्हतं, तरी.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर तो कीथकडे गेला. मला सोबत नेलं, दुभाषी म्हणून. हे त्याने स्वतः सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. कीथ शेडच्या मागे सिगरेट ओढत होता. लेशेकने मला बोलूच दिलं नाही. सगळे बारके शब्द त्याने तोंडात गोळा केले. मिरेक. बोलला. काय? एक शब्द. कसाही.

कीथने सिगरेट टाकली. आठवायला लागला. डोळे मिटले, तोंड उघडलं, ओठ पुढे काढले, जसा काही तो शब्द जिभेखाली कुठेतरी असावा. नुसता श्वास आला. पुन्हा प्रयत्न केला. मग मान हलवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याला सांग, मी ऐकत होतो, पण ते माझ्यात राहिलंच नाही."

हे मी भाषांतर केलं. एका वाक्याचं एकच वाक्य.

मिरेकच्या वर्षश्राद्धाच्या चर्चमधल्या प्रार्थनेला मी लेशेकबरोबर गावी गेले. त्याच्या पिशवीत शब्दकोश नव्हता. प्रार्थना झाल्यावर सगळे कबरीपाशी आले. जमीन गोठलेली, मेणबत्त्यांचे काचेचे दिवे वाऱ्याने आडवे होत होते. नियमाने आता काही बोलायचं नसतं, ते माती टाकायच्या आधीचं. पण आई हातातली काठी रोवून उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा लोकांना कळलं आणि कोणी हललं नाही.

लेशेकने टोपी काढली. शेड सांगितली, पेट्या सांगितल्या. कीथचं नाव सांगितलं, जाकीट सांगितलं, मांडी सांगितली. त्याचा आवाज मी इंग्रजीत एवढे दिवस ऐकला होता, पण हा आवाज वेगळा होता. माणसं रडत होती. मग तो म्हणाला, "आणि माझा भाऊ बोलला."

थांबला. त्याला काहीही बनवता आलं असतं. आयुष्यभर त्याने पन्नास लोकांची शेवटची वाक्यं सांगितली, त्यातली सगळी काय खरी असतील? देवाचं नाव घातलं असतं, आईचं घातलं असतं, आणि गावाने ते कायमचं जपलं असतं. मी मनातून म्हणत होते, घाल रे काहीतरी.

"काय बोलला?" आई म्हणाली.

"ठाऊक नाही, आई. ऐकणाऱ्याला कळलं नाही. मी विचारून आलो."

म्हातारीने वाकून एक आडवा झालेला दिवा सरळ केला. वाकायला तिला त्रास होत होता, पण तिने कोणाचा हात घेतला नाही. "आणि तू काय करत होतास तिथे इतकी वर्षं?" एवढं म्हणून ती फाटकाकडे चालू लागली.

पुढे वसंतात गावचा लोहार गेला. लेशेकला फोन आला नाही. शेजारच्या गावातला एक शिक्षक कबरीपाशी बोलला म्हणे, चांगला बोलला. लेशेक अजून इथेच आहे, ब्रोकोलीच्या यंत्रावर. मनगटावर चिकटपट्टी नाही. मी मधे एकदा विचारलं, येतोस का, थोडं साधं इंग्रजी शिकू. तो म्हणाला, आता कोणाशी बोलायचंय?