साडभाऊंचा टेलिकन्व्हर्टर

आमच्या साडभाऊंइतकं लांबून माणसांवर प्रेम करणारा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. माझ्या मेव्हणीचे हे यजमान चिखलीच्या एका शाळेत भूगोल शिकवतात आणि उरलेला सगळा वेळ फोटो काढतात. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसणारा टेलिकन्व्हर्टर नावाचा एक ठेंगणा डबा त्यांच्याकडे आहे. तो लावला की दूरचं दुप्पट जवळ दिसतं. शहाणी माणसं तो हरणांसाठी लावतात. साडभाऊ तो लावतात आणि स्वतः दुप्पट मागे सरकतात, त्यामुळे फोटो आधी यायचा तेवढाच येतो. हे मी एकदा कागदावर रेघा मारून समजावलं, तर म्हणाले, "भाऊ, जवळ गेलं का माणूस पोट आत घेते. खरा माणूस दुरूनच भेटते."

हा डबा उजेड मात्र खातो, चौथा हिस्साच आत सोडतो. म्हणून आमच्या मुलाच्या बारशाला त्यांनी पाळणा भर दुपारी अंगणात आणवला. नाव सांगायला आत्या बाळाच्या कानाशी वाकली, आणि साडभाऊ शेजाऱ्यांच्या गच्चीवरून ओरडले, "हालू नका हो, फोकस शोधून राह्यलो!" फोकस सापडेपर्यंत आत्याची कंबर धरली. फोटोत बाळाच्या कानातला मळ स्वच्छ दिसतो. बाळ कुणाचं ते कळत नाही.

घरच्या एकाही फोटोत साडभाऊ स्वतः नाहीत. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एवढंच मागितलं, "बाबा, एक तरी फोटो माह्यासंग काढा." साडभाऊ "हाव, हाव" म्हणाले आणि लग्नाच्या दिवशी कार्यालयासमोरच्या पाण्याच्या टाकीवर चढले. पाठवणीची वेळ झाली तरी उतरेनात. मी खालून हाका मारून घसा बसवून घेतला. शेवटी गाडीत बसता बसता पोरीनं वर टाकीकडे पाहिलं. तिचा रडवेला चेहरा त्यांना हातभर अंतरावर दिसला असणार, कारण कॅमेरा तिथंच टाकून ते धावत सुटले. निघालेली गाडी पोरीनं थांबवली. बापलेकीचा फोटो मग मीच मोबाईलवर काढला. दोघं रडताहेत, साडभाऊंच्या एका पायात चप्पल नाही आणि कोपऱ्यात माझं बोट आलंय. तोच फोटो त्यांनी मोठा करून भिंतीवर लावलाय.

पोरगी आता तिकडे उत्तरेला, जळगाव जामोदला असते. परवा गेलो तर साडभाऊ गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून बसले होते, कॅमेरा मांडीवर. मी विचारलं, "काय दिसते?"

"काईच नाई, भाऊ. डबा लावूनबी दिसत नाई."

मी त्यांच्याशेजारी खेटून बसलो, आणि पहिल्यांदाच ते मागे सरकले नाहीत.