आपलाकडला पोऱ्या

वडील गेल्यावर आईला विधवा पेन्शन सुरू झाली. एका दुपारी गुजरातमधल्या, गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीवर एक तरुण आला. आधार पुन्हा जोडलं नाही तर पेन्शन बंद होईल, असं त्याने सांगितलं. आई दारातूनच नको म्हणाली. तेव्हा त्याने आमच्या गावाकडच्या अहिराणीत विचारलं, "मावशी, तुमनं गाव कोनतं?"

आईने त्याला आत घेतलं, चहा केला आणि त्याच्या मशीनवर अंगठा ठेवला. मी पर्वत पाटियाच्या साडीच्या दुकानातून घरी आले तेव्हा ती खुशीत होती. "आपलाकडला पोऱ्या व्हता," म्हणाली.

नंतर बँकेत कळलं, त्याच अंगठ्यावर खातं रिकामं झालं होतं. आम्ही तक्रार केली, आधारचे ठसे लॉक केले. पैसे परत आले नाहीत. आई मात्र पैशांसाठी रडलीच नाही. चहा पिताना तो तिच्या माहेरच्यांची चौकशी करत होता, तेवढंच तिला आठवत राहिलं.

परवा शेजारी धुळ्याकडची नवी सून आली. तिने हसून अहिराणीत हाक मारली. आई, अहिराणी कळतच नसल्यासारखी, तुटक्या गुजरातीत म्हणाली, "मने नथी समजातुं," आणि तिने दार लावून घेतलं.

मी बाहेर जाऊन त्या मुलीला काय सांगणार होते?